मोजणी

एकतीस वर्षं भूमापन खात्यात साखळी ओढली.
कोठी कचेरीच्या मागल्या खोलीत नकाशे रंगवले,
नाले निळ्या शाईनं, हद्दी तांबड्या.
आता दांडिया बाजारात, फरसाणवाल्याच्या वर,
पहिल्या मजल्यावर उताणा पडून बघतोय
भिंतीवरचा एक माणूस:
उघडा, टकला, अंगभर रेघा,
रेघांवर ठिपके, ठिपक्यांना आकडे.
सर्व्हे नंबरच म्हणा की.
फक्त मालकाचं नाव कुठं लावलेलं नाही.

शालननं पाठवलं. म्हणजे ढकललं.
जिना उतरताना तुमचा गुडघा वाजतो,
रात्री तीनला तुमचे डोळे उघडतात,
आणि मग मला हलवून विचारता, जागी आहेस का.

डॉक्टर जागृतीबेन ठाकर. असेल माझ्या धाकटीच्या वयाची.
"काका, जीभ बतावो."
दाखवली. बराच वेळ वाचत राहिली,
जुना दस्त वाचावा तशी.
कडेला दातांचे ठसे, मधे भेग, मागे पांढरा थर.
अतिक्रमण, मी म्हणालो.
जीभ बाहेरच होती, तिला कळलं नाही.
मग प्रश्न: घाम कुठं येतो, पाणी गार लागतं की कोमट,
स्वप्नात कधी नदी दिसते का.
एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मग मनगटावर तिची तीन बोटं, न बोलता,
जणू आत कुणी दबक्या आवाजात जबानी देतंय.

"सुई केसाएवढी. मुंगी चावेल, मग जड वाटेल."
मुंगी नाही चावली.
पाय मात्र जड झाला, ओल्या वाळूचं पोतं जसं,
आणि घोट्याकडे काहीतरी सरकत गेलं,
मे महिन्यात विश्वामित्री सरकते तसं,
वाहतेय की उभी आहे, सांगता येऊ नये.

नंतर तिनं विडीसारखी कांडी पेटवली,
गुडघ्याजवळ धरली. कसल्याशा चिनी पाल्याची.
वास आला आणि मी थेट चैत्रात,
देवापुढच्या तबकात:
अगं, हा तर दवणा!
"कझिन आहे त्याची, काका."

पण मुद्दा वेगळाच आहे.
जागा शोधायला तिनं पट्टी काढली नाही.
माझाच हात घेतला, चार बोटं जुळवून
गुडघ्याच्या वाटीखाली आडवी ठेवली.
"इथून एक बोट बाहेर. ह्या जागेचं नाव पायाचे तीन मैल.
दमलेला माणूस इथं दाबून आणखी तीन मैल चालायचा, म्हणे."
आणि माप?
"ज्याचं अंग, त्याचा अंगठा. माझा तुम्हाला नाय चालणार."

मी गप्प झालो.
पादऱ्याकडच्या एका गावात, सत्त्याऐंशीच्या दुष्काळात,
जीवीबेन म्हणून एक बाई होती, तिचं शेत मोजलं होतं.
म्हणाली, माझा बाप सकाळच्या चहाआधी
दोन फेऱ्या मारायचा, तेवढं आहे.
मी हसलो. शून्य हेक्टर बेचाळीस आर लिहिलं
आणि तिचा अंगठा शाईत बुडवून
कागदाच्या तळाशी टेकवला,
जिथं माप नसतं, नुसती संमती असते.

निघताना सूचना: सकाळी कोमट पाणी, रात्री दही नको,
अकराच्या आत दिवा बंद, थंडीत घोटे झाका.
बीपीची गोळी चालूच, ती सोडायची नाही, समज्या?
शालन हेच सांगते, फी न घेता.

गुडघा अजून वाजतो. जरा खालच्या पट्टीत.
सूरसागरला एक फेरी होते, दुसरीला बाकावर बसतो,
शेंगवाल्याशी बोलतो.
तीनला जाग येते कधीकधी.
आता तिला हलवत नाही.
अंधारात चार बोटं जुळवतो, वाटीखाली ठेवतो,
एक बोट बाहेर सरकतो, अंगठा रोवतो,
आणि जीवीबेनचा बाप
पहिली फेरी संपवून दुसरीला वळतो.
चहा व्हायचाय अजून.